कुणाला उठावं लागत नाही

“काहीही झालं तरी तू बोलायचं नाहीस,” सौमित्रने स्वारगेटच्या एसटी स्टँडवर मला पुन्हा एकदा बजावलं. “कीबोर्डला हात लावायचा नाही, ऑफिसला फोन करायचा नाही, ताईंना काही सुचवायचं नाही. खुर्चीत बसायचं आणि बघायचं.”

“पाणी प्यायलं तर चालेल?”

“वैजू, मी गंभीरपणे बोलतोय.”

तो नेहमीच गंभीर असायचा. विनोद केला तरी चेहरा तसाच, त्यामुळे नक्की कधी हसायचं हे ऑफिसात कुणालाच कळत नसे. माझ्याच वयाचा होता, पण कंपनी त्याची आणि पगार माझा, म्हणून मी मान डोलावली आणि कराडच्या गाडीत चढले.

आमची कंपनी एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती आणि आम्ही क्लाउड विकायचो. म्हणजे क्लाउड आमचा नव्हताच. जगातल्या बड्या कंपन्यांकडे कॉम्प्युटरची अवाढव्य कोठारं असतात. त्यातली जागा आणि ताकद आम्ही घाऊक भावात भाड्याने घ्यायची आणि लहान-लहान गिऱ्हाइकांना त्यांच्या गरजेप्रमाणे वाटून द्यायची, असा सगळा मामला. मी हे एकदा आईला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे दलाल. आता स्थळं येतील त्यांना मी काय सांगू?”

“क्लाउड ब्रोकर सांग.”

“ते सांगितलं तर विचारतील ना, म्हणजे काय म्हणून.”

वाटण्याचं हे काम माझं होतं. क्लासवाल्यांची वेबसाइट निकालाच्या दिवशी गुदमरते, सराफांची गुरुपुष्याला, सहलवाल्यांची मुलांच्या परीक्षा संपल्या की. मी आदल्या दिवशी फोन करायचे, चौकशी करायचे, किती लागेल ते ठरवायचे आणि तेवढी ताकद त्यांच्या पदरात टाकायचे. गर्दी ओसरली की काढून घ्यायचे. सौमित्रची तक्रार एवढीच, की मी फोनवर फार बोलते. “दोन वाक्यांचं काम असतं. तू त्यांच्या सुनेचं बाळंतपण काढतेस.”

त्यावर त्याने उपाय काढला. वर्षभर खपून एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं ‘वाढपी’. कुठल्या कोठारात या क्षणी जागा आहे, कुणाचा भाव बरा आहे, कुणा गिऱ्हाइकाकडे गर्दी वाढते आहे, हे सगळं तो स्वतः बघणार. गिऱ्हाइकाला मोबाइलवर मेसेज करून विचारणार आणि ‘हो’ आलं की निमिषात वाढणार. विचारल्याशिवाय वाढायचं नाही, हा करारातला नियम होता. लोकांना परकं वाटू नये म्हणून सौमित्रने मेसेजची भाषाही घरगुती ठेवली होती. गुंतवणूकदारांपुढे तो छातीवर हात ठेवून सांगायचा, “कुणाला फोन नाही, कुणाची वाट बघणं नाही. कुणाला उठावं लागत नाही.”

जिला उठावं लागत नव्हतं ती मी. हे त्याने माझ्यापासून लपवलं नव्हतं, तेवढा तो सरळ माणूस होता. कराडचा दिवस एकाही माणसाच्या मदतीशिवाय पार पडला तर महिनाअखेर माझी खुर्ची जाणार. नाही पडला तर वाढपी बासनात आणि मी जागच्या जागी. भावाचं शिक्षण चालू होतं, बाबा घरी बसून होते, आणि मिळवती मी एकटी. आणि मला काढणाऱ्या यंत्राची परीक्षा बघायला मलाच पाठवलं होतं, कारण हिराताई पिसाळ मला ओळखत होत्या.

ओळखत होत्या म्हणजे आवाजाने. हिराताईंची महिला संस्था दिवाळीचा फराळ परदेशी पाठवायची. दुबई, टोरांटो, सिडनी, जिथे म्हणून कराडकडची पोरं गेली तिथे त्यांची चकली जायची. वर्षातला एकच दिवस असा, की सकाळी वेबसाइट उघडायची आणि संध्याकाळी बंद करायची, कारण त्यानंतर पाठवलेला डबा दिवाळीला पोचत नसे. गेली काही वर्षं त्या दिवशी त्यांच्यासाठी फोनवर मी असायचे.

प्रत्यक्ष भेटल्यावर हिराताईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “वैजू ती तूच व्हय? आवाजावरनं मला वाटलं अंगानं चांगली आसशील.”

“फोनवर जाड वाटते मी?”

“खात न्हाईस काय गं पुण्यात?” असं म्हणून त्यांनी माझ्यासमोर बशी ठेवली. चकली, शेव, अनारसा, करंजी. मी करंजी उचलेपर्यंत बेबीमावशींनी आणखी एक टाकली. बेबीमावशी तळणीच्या प्रमुख. त्यांचं म्हणणं फार थोडक्यात असायचं, आणि ते बहुतेक वेळा झाऱ्याने असायचं.

संस्थेची जागा म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. एका टोकाला चुली आणि कढया, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर, आणि मधे पत्र्याला टेकतील एवढे रचलेले डबे. मागणी आल्यावर तळत बसलं तर पोचणार कधी, म्हणून माल आधीच करून ठेवलेला. पंधरावीस बायकांनी गणपती उठल्यापासून दुसरं काही केलं नव्हतं. हा माल आज गेला नाही तर तो कराडच्या बाजारात कोण घेणार, जिथे घरोघरी फराळ होतो?

“आता तू सायबीण झालीस म्हण की,” हिराताई म्हणाल्या. “बसून बघायला आलीस.”

“तसंच काहीसं,” मी म्हटलं.

दहाला रंजनाने कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडली. रंजना हिराताईंची पुतणी, संस्थेचं कॉम्प्युटरचं काम बघायची. मागणी आली की मशिनमधून घंटा वाजायची. पहिली घंटा वाजली तशी शेडमधल्या सगळ्या बायकांनी हात जोडले. मग दुसरी, तिसरी. बेबीमावशी डबे खाली उतरवू लागल्या. मी माझ्या लॅपटॉपवर बघत होते. गर्दी चढत होती, ठरलेल्या वेळी ठरल्यासारखी.

आणि हिराताईंचा मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा लावून मेसेज मोठ्याने वाचला. “नमस्कार ताई, मी वाढपी. आपल्याकडे गर्दी होत आहे. आणखी वाढू का?”

मी बशीकडे बघितलं. सौमित्रने त्याची भाषा खरंच छान केली होती.

हिराताई बोटाने एकेक अक्षर दाबत उत्तर लिहू लागल्या आणि लिहिता लिहिता म्हणत होत्या, “नको हो. आहे तेवढं पुष्कळ आहे. तुम्ही बसा.”

माझ्या घशात करंजीचं सारण अडकलं. बेबीमावशींनी पाणी दिलं.

वाढप्याने मेसेजमधला ‘नको’ टिपला आणि आज्ञाधारकपणे गप्प बसला. गिऱ्हाइकाला छळायचं नाही असं त्याला शिकवलेलं होतं, त्यामुळे थोडा वेळ थांबूनच तो पुन्हा विचारणार होता. तोवर घंटा अडखळायला लागल्या होत्या. लॅपटॉपवर मला दिसत होतं, वेबसाइटच्या दारात माणसं खोळंबलेली. ती चकलीवर बोट ठेवत होती आणि त्यांच्यासमोर नुसतं चक्र फिरत होतं. काही कंटाळून निघूनही चालली होती.

दुसरा मेसेज आला. “ताई, गर्दी अजून वाढली आहे. वाढू का थोडं?”

“किती गं गुणाचं माणूस हाय,” हिराताई रंजनाला म्हणाल्या आणि लिहिलं, “नको दादा. चाललंय आमचं. तुमचं जेवण झालं का?”

यावर वाढप्याकडे उत्तर नव्हतं. सौमित्रने त्याला जेवणाबद्दल काही शिकवलेलं नव्हतं.

मला बरं वाटलं. आता लपवून काय करायचं, मनातून उकळ्या फुटत होत्या. यंत्र सपशेल आपटत होतं आणि मी त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. संध्याकाळी सौमित्रला सगळं साग्रसंगीत सांगायचं, वाईट वाटल्यासारखा चेहरा करायचा, आणि सोमवारी आपल्या खुर्चीत जाऊन बसायचं. मी दुसरा अनारसा घेतला. तो फार सुरेख झाला होता.

तिसऱ्या मेसेजला हिराताईंनी “नको हो, उगाच त्रास” असं उत्तर दिलं. त्यानंतर घंटा जवळजवळ बंदच पडली.

शेडमधला आवाज हळूहळू खाली आला. डबे उतरवणाऱ्या बायका हात थांबवून उभ्या राहिल्या. कुणीतरी खाली बसलं, मग बाकीच्याही बसल्या. रंजना स्क्रीनकडे टक लावून होती. तिला वाटत होतं वेबसाइट ठीक आहे, कारण ती उघडलेली दिसत होती. बाहेर दाराशी केवढी झुंबड आहे हे तिच्या स्क्रीनवर दिसतच नव्हतं. ते फक्त माझ्या लॅपटॉपवर.

“यंदा मागणी न्हाई,” एक जण म्हणाली.

“आता तिकडंबी मिळतंय म्हणं समदं. दुकानंच निघाल्यात.”

“मागच्या साली चकली जरा कडक झाली हुती,” बेबीमावशी म्हणाल्या. तेवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी दिवसभरात पहिल्यांदा ऐकलं. “माझ्याच हातनं. मी तवाच म्हणलं हुतं, मोहन कमी पडलंय.”

“आगं न्हाई गं,” हिराताई म्हणाल्या, पण त्यांनाही तेच वाटत असावं. त्या उठून डब्यांच्या राशीजवळ गेल्या आणि उगाचच एक डबा नीट लावला. “लोकांस्नी नकोच आसंल तर आपण काय करायचं?”

मी लॅपटॉपवर नजर टाकली. मस्कत, लंडन, सिंगापूर. सगळी दारात. त्या माणसांना चकली हवी होती आणि इथे बेबीमावशी मागच्या वर्षीच्या मोहनाचा हिशेब स्वतःच्या माथी मारून घेत होत्या. अनारसा मला पुढे खाववेना. मी स्वतःला म्हटलं, बोलायचं नाही असं ठरलंय, मी वचन दिलंय. मग म्हटलं, भाऊ आहे, बाबा आहेत. मग आणखीही बरंच काही म्हटलं. तेवढ्यात हिराताईंचा मोबाइल वाजला आणि त्या चष्मा शोधू लागल्या.

“ताई,” मी म्हटलं, “त्याला हो म्हणा.”

“कुणाला?”

“तो विचारतोय ना, वाढू का म्हणून. हो म्हणा.”

हिराताईंनी हात झटकला. “आगं, नगं. सकाळपासनं किती येळा इचारलं बिचाऱ्यानं. किती नाचवायचं एखाद्या माणसाला? तू इचारायचीस तवाची गोष्ट निराळी. तू आपली हायीस, तुला काम सांगायला काय वाटत न्हाई. हे नवीन माणूस. नाव ना गाव.”

“ताई, पण...”

“आमच्यात न्हाई तसं. वाढायला फिरून फिरून पाय दुखत्यात, मी जलमभर पंगती वाढल्यात, मला ठाव हाय. ताटात आसंल तेवढ्यात भागवावं, वाढणाऱ्याला सारकं उठवू ने. तिकडं तुमच्या हापिसात त्यो एकटाच आसंल, ह्या समद्या महाराष्ट्राचं बघत. जेवला का इचारलं तर त्याला उत्तर द्यायलाबी सवड झाली न्हाई.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळपासून या बाई स्वतःची गर्दी बघतच नव्हत्या. त्या वाढप्याची दमछाक बघत होत्या.

आता त्यांना हो म्हणायला लावायचं तर एकच वाक्य सांगणं भाग होतं. ते सौमित्रचं वाक्य होतं आणि त्याचा मी मनापासून राग करत आले होते.

“ताई, तिथे कुणी नाही,” मी म्हटलं.

“कुणी न्हाई म्हंजे?”

“ते यंत्र आहे. आपोआप चालतं. त्याचे पाय दुखत नाहीत, ते जेवत नाही. तुम्ही हो म्हटलं तर कुणाला उठावं लागत नाही.”

हिराताईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. “खरं?”

“खरंच. त्या कामाला आता माणूस लागत नाही.”

बोलताना आवाज सरळ ठेवायला मला कष्ट पडले. बेबीमावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

“आणि बाहेर लोक थांबलेत, ताई. मस्कतची आहेत, लंडनची आहेत. चकली कडक म्हणून कुणी गेलेलं नाही. दार अरुंद आहे म्हणून आत येता येत नाहीये त्यांना.” मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

हिराताईंनी स्क्रीन बघितला, मग मला बघितलं. “मंग मगाधरनं का बोलली न्हाईस गं?”

“मला बोलायची परवानगी नाही. मी नुसतं बसायचं, कशाला हात लावायचा नाही, तुम्हाला काही सांगायचं नाही, असं सरांनी बजावलंय.”

“आन आता बोललीस ते?”

“बोलले.”

हिराताईंनी मोबाइल नाकाजवळ धरून ‘हो’ लिहिलं. जरा विचार करून पुढे लिहिलं, “भरपूर वाढा.”

वाढपी खरोखर उत्तम होता, हे मला कबूल करायलाच हवं. मला जे काम करायला पाच-सहा ठिकाणी फिरून किल्ल्या लावाव्या लागत, ते त्याने मी डोळे मिचकावेपर्यंत केलं. आधी एक घंटा वाजली. मग दोन एकदम. मग त्यांना खंडच पडेना, तेव्हा रंजनाने आवाज कमी केला, पण बायकांनी तिला तो पुन्हा मोठा करायला लावला. डबे भराभर खाली येऊ लागले. बेबीमावशींनी झारा उचलला आणि कुणीही न सांगता कढईखाली पुन्हा जाळ केला. त्यानंतर वाढप्याने विचारायचा अवकाश, हिराताई ‘हो’ म्हणत. दुपार कलायच्या आत पत्र्याखालची भिंत दिसायला लागली.

आणि मग सौमित्रचा फोन आला. त्याचा आवाज मी कधी इतका आनंदी ऐकला नव्हता.

“बघितलंस? सकाळी तीनदा नको म्हणाल्या, मला वाटलं संपलं. आणि मग एकदम हो! कसं झालं? तू काही बोललीस का?”

मी तोंड उघडलं. खरं सांगितलं तर वचन मोडल्याबद्दल बोलणी बसतील, पण यंत्राला माणूस लागतं हे सिद्ध होईल. माझी खुर्ची राहील. सांगायला काय हरकत होती? मी “अरे, झालं काय...” इतकंच म्हटलं असेल, आणि हिराताईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

“सायेब का? मी हिराताई पिसाळ बोलतीया.”

“ताई, नमस्कार! तुम्हीच सांगा. आमच्या मुलीने काही मदत केली का?”

“छ्या,” हिराताई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिटून मान हलवली, घाबरू नको अशा अर्थाने. “तिनं कशाला हात लावला न्हाई. हात सोडा, तोंडसुदीक उघडलं न्हाई. नुसती बसून हुती करंज्या खात. आमाला आधी कळलं न्हाई, मंग आमचं आमी समजून घेतलं. लई शाणं हाय तुमचं यंत्र. माणसाची काय गरजच न्हाई बगा.”

पलीकडे सौमित्र काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण पुष्कळ काही म्हणाला. हिराताई “व्हय, व्हय” करत राहिल्या. “पोरगी तुमच्या शब्दाबाहेर न्हाई,” असंही त्यांनी शेवटी सांगून टाकलं. मग फोन माझ्या हातात दिला आणि माझं मनगट घट्ट धरून हळूच म्हणाल्या, “वाचीवलं तुला.”

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मला दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, “थँक्यू, ताई.”

महिनाअखेर सौमित्रने मला निरोप दिला. शिफारसपत्र चांगलं दिलं, एक शालही दिली, आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “तू त्या दिवशी गप्प बसलीस म्हणून हे शक्य झालं.” तो विनोद नव्हता. पुढचे सहा-सात महिने आमच्या घरात बरेच ओढाताणीचे गेले. मग एका रक्तपेढीत मला काम मिळालं. रक्तदात्यांना फोन करून बोलावून घ्यायचं. तिथे मी फार बोलते अशी तक्रार कुणी केली नाही.

कराडला मात्र मी दिवाळीच्या आधी दर वर्षी जाते. हिराताई आता कढईजवळ बसत नाहीत, दारापाशी खाट टाकून बसतात आणि येईल त्याला माझी ओळख करून देतात, “ही वैजू. हिची नोकरी मी वाचीवली.” ती हकिगत त्या सगळ्यांना सांगतात. दर वर्षी सौमित्रचा आवाज थोडा चढत जातो आणि ताईंचं उत्तर थोडं लांबतं. बेबीमावशी तळता तळता माझ्याकडे एकदा बघतात आणि बशीत करंजी टाकतात. त्यांना खरं काय ते कळलं असावं, मला कधी विचारायचा धीर झाला नाही.

गेल्या खेपेला ताईंना बरं नव्हतं. मी खाटेवर टेकले तशी त्यांनी मला जवळ ओढलं. आवाज अगदी खाली गेला होता.

“वैजू, एक इचारू? मी तवा फोनवर खोटं बोलले. माळ घातल्यापासनं तेवढंच एक खोटं बोललीया मी. पोरीच्या पोटासाठी बोलले, आसं देवाला सांगितलंय. पर रातीला कधी कधी वाटतं, देव मनात धरून बसला आसंल का गं?”

“नाही धरणार, ताई,” मी म्हटलं. “नोकरी राहिली ना माझी.”